नात्याचा रकाना

रामकुंडावरच्या आम्हा उपाध्यांच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा वह्यांचं कपाट मोठं असतं. कुठल्या गावचं कुठलं घराणं कोणत्या उपाध्यायाचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. घरात कोणी गेलं की मंडळी अस्थी घेऊन येतात, विधी होतो, आणि मग ज्यानं अस्थी आणल्या त्यानं आपल्या हातानं वहीत लिहायचं: कोण गेलं, कोण आलं, गाव कुठलं, नातं काय. खाली सही. सही येत नसेल तर अंगठा. माणसं रेशनकार्डावर खोटं लिहितात, लग्नपत्रिकेत तर हमखास लिहितात, पण आमच्या वहीत सहसा लिहीत नाहीत. नुकताच हातातून कलश रिकामा झालेला असतो, म्हणून असेल.

हे सांगायचं कारण निकिता. ती राहते कराचीत, आणि तिचा पहिला मेसेज मला आला तो दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये. माझ्या पुतण्यानं माझं नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकून ठेवलाय. त्यामुळे मला अमेरिकेतून फोन येतात, दुबईतून येतात. पाकिस्तानातला नंबर मात्र पहिल्यांदाच पाहिला. मेसेज चक्क मराठीत होता.

"गुरुजी, नमस्कार. मी निकिता. माझी आजी भागुबाई मागच्या साली वारली. तिच्या वडलांचं गाव वणीजवळ होतं, आडनाव बोरस्ते. तिची आखरी ख्वाहिश होती की अस्थी रामकुंडात जाव्यात. कलश आम्ही इथल्या मंदिरात ठेवला आहे. तुमच्या वहीत आमचं नाव निघेल का?"

शुभांगी, म्हणजे माझी बायको, माझ्या खांद्यावरून वाचत होती. "जपून हं," ती म्हणाली, "आता ओटीपी मागेल." मी म्हटलं, ओटीपी मागणाऱ्या चोराला वणीजवळचे बोरस्ते कसे ठाऊक असतील? ते घराणं आमचंच. कपाट उघडलं आणि तिसऱ्या फळीवरची, आजोबांच्या वेळची वही काढली.

नोंद सापडली. साल १९४६, माघ महिना. 'पित्याच्या अस्थी घेऊन आलो. गोटीराम बोरस्ते, हल्ली मुक्काम कराची, गोदीत कामास. सोबत धाकटा बंधू भिमाजी व कन्या भागू, वय सहा.' खाली गोटीरामाची वळणदार सही, आणि सहीच्या शेजारी एवढासा अंगठा. माझ्या आजोबांनी पोरीची हौस म्हणून घेतला असणार. त्या अंगठ्याखालचं अर्धं पान कोरं होतं. गोटीराम पुन्हा आला नाही. दीड वर्षात कराची परदेश झाली आणि तो तिकडचा राहिला.

मी पानाचा फोटो पाठवला. मग तिचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, रडवेला. "गुरुजी, आजी सांगायची. शाईचा अंगठा. आगबोटीत बसले तरी तिनं तो धुवू दिला नव्हता. आम्ही समजत होतो, म्हातारीचा किस्सा आहे."

मला भरून आलं, हे कबूल करतो. आमच्या धंद्यात रोज रडणारी माणसं समोर असतात, त्यामुळे आमचे डोळे सहसा कोरडे. त्या दिवशी शुभांगीनं चहा ठेवला आणि तो गार झाला तरी मी त्या अंगठ्याकडेच बघत बसलो होतो.

आता कराचीहून इकडं यायचं तर व्हिसा लागतो, आणि व्हिसाला लागतो इकडच्या माणसाचा कागद. ही बाई माझी अमुक लागते, माझ्या घरी उतरेल, मुदतीत परत जाईल, जबाबदारी माझी, असं लिहून सही करायची आणि त्यावर मोठ्या अधिकाऱ्याचा शिक्का आणायचा. निकितानं ही सगळी माहिती काढून ठेवली होती. तिला हवं होतं ते एक जिवंत नातं. ते माझ्या ओळखीचं होतं. वहीतल्या त्या धाकट्या भिमाजीचा मुलगा रंगनाथ दर पितृपक्षात माझ्याकडे येतो.

रंगनाथराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, नाशिकरोडला फ्लॅट, मुलगा रोहित ओझरला विमानाच्या कारखान्यात, सून आरोही. माणूस वाईट नाही. उलट जरा जास्तच भावनाप्रधान. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "काय सांगता गुरुजी! थोरला चुलता तिकडंच राह्यला एवढं ऐकून होतो. त्याची लेक हाय? म्हंजी माझी बहीणच की!"

"होती," मी म्हटलं. "आता तिची नात आहे, आणि कलश आहे."

रविवारी त्यांच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉल झाला. मी हजर होतो. पडद्यावर निकिता दिसली. तिशीची, चष्मा लावलेली, तिथल्या शाळेत भूगोल शिकवते. तिच्या मागे भिंतीवर सप्तशृंगीचा फोटो होता, अठरा हातांचा, कडा पिवळ्या पडलेला. तो पाहून रंगनाथराव सोफ्यावरून उठलेच. "अगं, ही तर आमची देवी!"

"मग, मामाआजोबा," ती हसून म्हणाली, "मीपण तुमचीच."

झालं. रंगनाथरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आरोहीनं विचारलं, तुमच्याकडे पुरणपोळी करतात का? निकितानं सांगितलं, आजी करायची, पुरण पाट्यावर वाटायची आणि कोणाला हात लावू द्यायची नाही. रोहितनं स्क्रीनशॉट काढला. त्याच संध्याकाळी 'बोरस्ते परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकिताला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी तिथं देवीचा फोटो टाकू लागली आणि एकवीस बोरस्ते तिला हात जोडू लागले.

गणपतीत तर कहर झाला. रंगनाथरावांच्या सोसायटीत आरतीच्या वेळी फोन माईकला लावला आणि कराचीहून निकितानं आरती म्हटली. शब्द तेच, चाल तीच, टाळ्यासुद्धा त्याच जागी. लोक अवाक. अध्यक्षांनी रंगनाथरावांना शाल-श्रीफळ दिलं. रंगनाथराव बोलायला उभे राहिले. "रेघ कागदावर मारली," ते म्हणाले, "रक्तावर कोणाच्या बापाला मारता येत नाय! देश दोन असतील, संस्कृती एक हाय!" टाळ्या थांबेनात. मीही स्टेजवर होतो. मलाही एक श्रीफळ मिळालं, ते शुभांगीनं दुसऱ्या दिवशी भाजीला फोडलं.

दिवाळी झाली आणि निकितानं कागद पाठवला. दोन पानांचा फॉर्म. वर नाव, पत्ता, मग रकाना: 'येणाऱ्या व्यक्तीशी नाते'. शेवटी सही.

इथून पुढं बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

आधी रंगनाथराव म्हणाले, प्रिंटर बिघडलाय. मी माझ्याकडून प्रिंट काढून नेऊन दिली. मग म्हणाले, रोहितच्या प्रमोशनचं चाललंय, तेवढं होऊ द्या. मग मार्गशीर्षातले गुरुवार आले. गुरुवारांचा आणि सहीचा काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी डिसेंबरात मी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि म्हटलं, आज सही घेऊनच उठणार.

रोहित घरीच होता. तोच बोलला. "गुरुजी, पोलीस चौकशीला घरी येतात. सोसायटीत काय दिसेल? आणि मी काम कुठं करतो ते तुम्हाला माहितीये. उद्या कोणी विचारलं, तुझ्या घरी पाकिस्तानी बाई राहून गेली, तर मी काय सांगू?"

"आत्तापर्यंत कोणी विचारलंय?"

"विचारलं नाही अजून. पण विचारतील ना."

"तुझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाची पणती आहे ती. हेच सांग."

रंगनाथराव टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत म्हणाले, "संस्कृतीचं येगळं असतं, गुरुजी. कागदाचं येगळं. आमचं प्रेम हायेच. पन सही म्हंजी…" आणि आरोहीला चहा टाकायला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, रंगनाथराव, दोन्हीकडचे मंत्रीही हेच म्हणतात. गाणी चालतील, आंबे चालतील, आरती तर चालेलच. फक्त माणूस नको. तुम्ही एवढे मुरलेले मुत्सद्दी असाल असं वाटलं नव्हतं. एकलहऱ्याला उगाच चाळीस वर्षं घालवलीत. त्यांनी मान खाली घातली. मी चहा न घेता उठलो आणि रिक्षात बसल्यावर मला फार बरं वाटलं. दुसऱ्याला खरं सुनावून आल्यावर वाटतं तसं.

निकिताला मी यातलं काही कळवलं नाही. कळवलं एवढंच की आजोबा जरा कामात आहेत, होईल.

जानेवारीत तिचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. "गुरुजी, इथून एक जत्था हरिद्वारला चाललाय. खूप घरांचे कलश घेऊन. त्यांना इजाजत मिळाली. ते म्हणतात, तुझ्या आजीचाही दे, गंगेत सोडू. काय करू? आजीनं हरिद्वारचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण मामाआजोबांचा कागद येत नाही. किती इंतजार करू?"

आता ऐका मी काय केलं. आम्हा नाशिकच्या उपाध्यांना हरिद्वार म्हटलं की पोटात दुखतं. गिऱ्हाईक तिकडं जातं म्हणून नव्हे, निदान नुसतं त्यासाठी नव्हे. आमच्या रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे, अस्थी तिथं पाण्यात विरून जातात, मागे काही उरत नाही, अशी आमची पिढ्यांची श्रद्धा. आणि हे घराणं माझं. माझ्या वहीत त्या पोरीचा अंगठा आहे. तो कलश दुसऱ्याच्या घाटावर जावा? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "मुळीच देऊ नकोस. तुझ्या आजीची इच्छा रामकुंडाची. तिच्या आजोबांच्या अस्थी इथंच विरल्यात. थांब थोडं. रंगनाथराव सही करणारच, मी करून घेतो. माझा शब्द."

"नक्की ना, गुरुजी?"

"अगं, नक्की."

फोन ठेवला तेव्हा शुभांगी दारात उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्यायचा होता की हरिद्वारला. गंगा काय वाईट आहे?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य मी तिला हजार वेळा ऐकवलं असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळी तरी तिलाच कळत होतं.

फेब्रुवारीत जत्था गेला. कलश वाहिले, परत गेला. निकितानं त्याचे फोटो पाठवले, शब्द एकही लिहिला नाही.

मार्चमध्ये तिनं पुन्हा फोन केला. या वेळी हळू, विचार करून बोलत होती. "गुरुजी, मी पूछताछ केली. नातेवाईकच पाहिजे असं नाही. ओळखीचा माणूसही कागद देऊ शकतो. मामाआजोबांना भीती वाटते, मी समजते. त्यांच्या मुलाची नोकरी आहे. तुम्ही आमचे उपाध्याय. तुमच्या वहीत आमचं नाव आहे. तुम्ही द्याल?"

माझी गोष्ट निराळी होती, हे आधी सांगतो. सिंहस्थ तोंडावर आलेला. घाटावरच्या कामांसाठी आम्हा उपाध्यांची एक समिती झाली होती, तीत माझं नाव लागलं होतं. गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळणार होतं, त्यासाठी पोलिसांकडून पडताळणी चालू होती. आयुष्यभर घाटावर उघड्या अंगानं बसलेल्या माणसाला गळ्यात फोटोचं कार्ड घालून बॅरिकेडच्या आत जायला मिळणार, याची किंमत दुसऱ्याला कळायची नाही. आणि नेमकी त्याच वेळी माझ्या नावावर कराचीची पाहुणी? रोहितचं कारण भेकडपणाचं होतं, माझं रास्त होतं. निदान मार्चमध्ये मला तसंच वाटत होतं.

तिला नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, "देईन की. का नाही देणार? समितीची एक बैठक आहे, ती उरकली की लगेच सही करून पाठवतो."

"शुक्रिया, गुरुजी," ती म्हणाली. "आजी म्हणायची, नाशिकची माणसं जबानीची पक्की असतात."

मी फॉर्मची प्रिंट काढली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नात्याच्या रकान्याशी थांबलो. मग फॉर्मची घडी घालून, हरवू नये म्हणून वहीत ठेवली, त्या अंगठ्याच्या पानात. बैठक पुढं गेली. पुढची तारीख पडली एप्रिलची.

एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये ते हत्याकांड झालं. फिरायला गेलेल्या माणसांना नावं विचारून मारलं. त्या रात्री घाटावरसुद्धा कोणाच्या तोंडाला चव नव्हती. मलाही संताप आला होता, आणि तो संताप खोटा नव्हता. दोन दिवसांत व्हिसे बंद झाले, अटारीचं फाटक बंद झालं, दूतावासातली माणसं कमी करायचं ठरलं. टीव्हीवर हे चालू असतानाच रंगनाथरावांनी निकिताला ग्रुपमधून काढून टाकलं. मी त्या ग्रुपवर आहे, म्हणून मलाही दिसलं. त्याच्या दहाच मिनिटं आधी तिनं तिथं लिहिलं होतं, 'जे झालं त्याची आम्हाला शरम वाटते. तुम्ही सगळे सुखरूप आहात ना?' एकवीस जणांनी वाचलं. हात कोणी जोडले नाहीत.

मीही जोडले नाहीत. समितीतले लोक त्या ग्रुपवर नव्हते, तरीही.

मे महिन्यात विमानं उडाली, भोंगे वाजले, आणि मग तेही थांबलं. माझं ओळखपत्र जूनमध्ये आलं. निळी दोरी, वर फोटो. शुभांगीनं ते हातात घेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि खिळ्याला अडकवलं.

जुलैत निकितानं लिहिलं की मंदिरात आता कलश फार दिवस ठेवू देत नाहीत, काय करावं. मी बराच विचार केला. माझ्याकडे धीर देण्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तो माझा पिढीजात धंदा. मी लिहिलं, "बाळ, समुद्रात सोड. पाणी सगळं एकच असतं. आमची गोदावरीसुद्धा शेवटी समुद्रालाच मिळते. तुझी आजी रामकुंडाला पोचली असंच समज."

आठ दिवसांनी उत्तर आलं.

"गुरुजी, आज सकाळी कलश जेट्टीवरून समुद्रात सोडला. तुम्ही लिहिलं गोदावरी समुद्राला मिळते. मी शाळेत भूगोल शिकवते. गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळते. आमचा समुद्र पश्चिमेचा. आजीला मी हे सांगितलं नाही. तुम्ही दिलासा दिलात, शुक्रिया. आता कागदाची जरूरत नाही. तुमच्यावर बोज आला असेल तर माफी."

साठ वर्षं नदीकाठी काढली. नाशिकपासून पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि ही नदी त्याच्याकडे पाठ करून अर्धा देश तुडवत दुसरीकडे जाते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते सांत्वनाच्या आड येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी फोन पालथा ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला आणि रंगनाथराव नेहमीसारखे आले. पांढरा सदरा, पिशवीत तीळ, तांदूळ, दर्भ. वर्षभरात म्हातारे दिसायला लागले होते. पाटावर बसले. भिमाजीचं नाव झालं, आईचं झालं, गोटीरामाचंही झालं. मग घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, भागुबाईचंबी नाव घ्या. राहू नये."

माझ्या आत महिनाभर कोंडलेलं होतं ते उसळलं. मी पळी खाली ठेवली. "सही करायला हात धजला नाही, आणि नाव घ्यायला जीभ बरी वळते तुमची! नदी कागद मागत नाही, म्हणून? पोलीस येत नाहीत इथं चौकशीला, म्हणून? पोरीला ग्रुपातून हाकललंत आणि आता तिच्या आजीला पाणी पाजताय?"

शेजारच्या पाटावरची मंडळी वळून बघू लागली. रंगनाथराव ओल्या हातांकडे बघत राहिले.

"गोत्र काय त्यांचं?" मी दरडावून विचारलं.

"ठाऊक नाय. सासरचं गोत्र… कधी इचारलंच नाय."

मीही विचारलं नव्हतं. वर्षभर बोलत होतो तिच्याशी. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, असा आमच्यात रिवाज आहे. ज्याचं कोणी नाही त्याचं काश्यप. मी काश्यप म्हटलं. भागुबाईच्या नावानं त्यांनी तीन वेळा पाणी सोडलं.

त्यांना घेऊन माझ्या घरी आलो आणि वही काढली. रंगनाथराव म्हणाले, नोंद त्याच पानावर करू, गोटीरामबाबाच्या खाली. मी पान उघडलं आणि त्यातून घडी घातलेला कागद घसरून त्यांच्या पायाशी पडला. मी वाकायच्या आत त्यांनी उचलला. उलगडला. वर माझं नाव, माझ्या अक्षरात. माझा पत्ता. नात्याचा रकाना कोरा. सहीची जागा कोरी.

त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही केलीच नाय?"

मी वहीचं पान सारखं केलं.

"मार्चात तिचा फोन आलता मला," रंगनाथराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्हनली, मामाआजोबा, तुमी आता काळजी करू नका. गुरुजी सही देनार हायेत, तुमच्यावर काय येनार नाय. त्या टायमाला मी फॉर्म भरून ठेवलावता, गुरुजी. रोहितशी भांडून. दुसऱ्या दिवशी शिक्क्याला तहसीलला जानार होतो. तिनं तसं सांगितलं आन् मला लय हलकं वाटलं. म्हटलं चला, सुटलो. फाडून टाकला."

आतल्या खोलीत शुभांगी होती. भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

रंगनाथरावांनी माझा फॉर्म होता तसा घडी करून माझ्या हातात दिला. मी तो कुठं ठेवावा ते न कळून सदऱ्याच्या खिशात घातला. मग त्यांनी पेन मागितलं. नियमानं ती नोंद होत नाही. अस्थी आणल्या नाहीत, त्या इथं विरल्या नाहीत, आणि ज्या हातानं त्या पाण्यात सोडल्या तो हात या घरी कधी आलाच नाही. आमच्या वहीत खोटं लिहीत नाहीत, असं मी सुरुवातीला म्हटलं. तरी मी पेन दिलं.

त्यांनी त्या इवल्या अंगठ्याखाली लिहिलं: 'भागुबाई, मुक्काम कराची. तर्पण केले.' पुढं नात्याच्या जागी, न थांबता, न कोणाला विचारता, लिहिलं: 'माझी चुलत बहीण.' खाली सही ठोकली. त्याखाली उपाध्याय म्हणून मी माझी केली. दोघांपैकी एकाचाही हात जरासुद्धा थरथरला नाही.